विकत घेतलेला सिनेमा कुणाचा?

१९७२ साली अमेरिकेत 'कार्ट्रिव्हिजन' नावाचं एक यंत्र बाजारात आलं. टीव्हीच्या पेटीतच कॅसेट लावायची सोय असलेलं. त्याच्या कॅसेटी दोन रंगांच्या होत्या. काळ्या कॅसेटी विकत मिळत. त्यांत खेळ, प्रवास असले विषय असत. लाल कॅसेटींत हॉलिवूडचे चित्रपट असत, आणि त्या फक्त भाड्याने मिळत. लाल कॅसेट घरच्या यंत्रावर मागे फिरवताच येत नसे. ती फिरवायचं यंत्र फक्त दुकानदाराकडे. मध्येच दारावर कुणी आलं, दूध उतू गेलं आणि एखादा प्रसंग हुकला, तर तो हुकला. पुन्हा बघायचा तर दुकानात जा, पुन्हा पैसे मोजा.

कार्ट्रिव्हिजन वर्षभरातच बुडालं. पण त्या लाल कॅसेटीत एका धंद्याच्या मनातली इच्छा अगदी उघडपणे दिसते. प्रेक्षकाने सिनेमा बघावा, बघण्याचे पैसे द्यावेत, पण सिनेमा त्याच्या हाती राहू नये.

आज ॲपल किंवा ॲमेझॉनच्या दुकानात एकाच चित्रपटाखाली दोन बटणं दिसतात: एक भाड्याचं, एक खरेदीचं. खरेदीची किंमत भाड्याच्या तिप्पट-चौपट. डाउनलोड घ्यावं की डिस्क, हा वाद त्या बटणापाशी सुरू होतो. त्यात बहुतेक वेळा चित्राची स्पष्टता, आवाज, कपाटातली जागा यांचीच चर्चा होते. ते मुद्दे खरे आहेत. पण त्यांच्याखाली एक जुना प्रश्न आहे: पैसे दिल्यावर आपल्याकडे नेमकं काय येतं? या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की लक्षात येतं, सिनेमाची प्रत सामान्य माणसाच्या मालकीची असणं हा त्या इतिहासातला एक छोटा आणि बराचसा अपघाती कालखंड आहे.

फुटाच्या भावाने

सिनेमाच्या पहिल्या दहा वर्षांत चित्रपट चक्क विकले जात, तेही फुटावर. कापडासारखे. निर्माता पट्टी तयार करायचा, खेळ करणारा ती विकत घ्यायचा आणि गावोगाव दाखवत फिरायचा. पट्टी झिजली, लोक कंटाळले, की दुसऱ्या खेळवाल्याला विकून टाकायचा. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर आपल्याकडे तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे जे लोक निघाले, तेही परदेशातून अशाच पट्ट्या विकत आणत.

१९०३ च्या आसपास अमेरिकेत 'फिल्म एक्स्चेंज' निघाली. हे मधले व्यापारी एक प्रत विकत घेत आणि ती अनेक खेळवाल्यांना आळीपाळीने भाड्याने देत. खेळवाल्याला दर आठवड्याला नवा माल मिळू लागला, एक्स्चेंजवाल्याला नफा होऊ लागला. निर्मात्याला मात्र एका विक्रीचेच पैसे मिळत. एकच पट्टी शंभर ठिकाणी दाखवली गेली, तरी त्यातलं काहीच त्याच्याकडे येत नसे.

यावर १९०८ च्या डिसेंबरात तोडगा निघाला. एडिसन आणि इतर मोठ्या निर्मात्यांनी मिळून 'मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी' काढली आणि नियम केला, की यापुढे प्रत विकायची नाही. ती ठरावीक मुदतीने द्यायची आणि मुदत संपली की परत घ्यायची. १९१७ साली अमेरिकी सुप्रीम कोर्टाने या कंपनीचा पेटंटचा धाक मोडून काढला. पण प्रत भाड्यानेच द्यायची हा रिवाज तोवर सगळ्या धंद्यात रुजला होता. पुढे स्टुडिओ आले, बोलपट आले, रंग आले, तरी तो टिकला. थिएटरवाल्याकडे आलेली रिळं त्याची कधीच नसत. ती डब्यांतून यायची आणि डब्यांतून परत जायची.

योगायोग असा, की त्याच १९०८ साली त्याच सुप्रीम कोर्टाने पुस्तकांच्या बाबतीत बरोबर उलट्या दिशेचा निकाल दिला होता. 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीवर प्रकाशकाने छापलं होतं, की ती एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये, तसं केल्यास कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकाशक कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: प्रत छापण्याचा हक्क तुमचा, पण ती प्रत एकदा विकलीत की तिचं पुढे काय व्हावं हे तुम्ही ठरवायचं नाही.

यालाच 'पहिल्या विक्रीचं तत्त्व' म्हणतात. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्यामागे काही कायदा असेल असं वाटतही नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तकं विकली जातात, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर कादंबऱ्यांचे ढीग लागतात, गल्लीतली लायब्ररी महिन्याच्या वर्गणीवर पुस्तकं देते, आजोबांचा ग्रंथसंग्रह नातवाकडे येतो. हे सगळं या तत्त्वाच्या आधारावर चालतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही पुस्तकाच्या प्रती वितरित करण्याचा हक्क लेखकाला देताना, आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत.

पुस्तक विकलं जातं, सिनेमा मात्र दाखवला जातो, अशी वाटणी त्या वर्षी झाली. पुढची सत्तर वर्षं ती टिकली.

ज्यांनी प्रत ठेवून घेतली

या व्यवस्थेत काही माणसं मात्र बसत नव्हती. ती म्हणजे प्रती जमवणारे संग्राहक. चित्रपटांच्या १६ मिलिमीटरच्या छोट्या प्रती टीव्ही केंद्रांसाठी, शाळांसाठी, सैनिकी तळांसाठी काढल्या जात. काम झालं की त्या परत जायच्या किंवा नष्ट करायच्या असत. पण त्यातल्या काही वाटेत गळायच्या आणि संग्राहकांकडे पोहोचायच्या. कुणी भंगारवाल्याकडून घेई, कुणी दुसऱ्या संग्राहकाकडून. स्टुडिओंच्या नजरेत हा सरळ चोरीचा माल होता. आम्ही प्रत कधी विकलीच नाही, मग ती तुमच्याकडे आली कुठून, असा त्यांचा सवाल असे.

१९७४ च्या डिसेंबरात एफबीआयने अभिनेता रॉडी मॅकडॉवल याच्या घरावर छापा घातला आणि त्याचा चित्रपटांचा मोठा संग्रह जप्त केला. मॅकडॉवल हा 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये माकडाच्या मुखवट्याआड काम करून जगभर ओळखला गेलेला नट. पुढे त्याच्यावर खटला भरला गेला नाही. पण ज्या धंद्यात तो लहानपणापासून वाढला, त्याच धंद्यातल्या चित्रपटांच्या प्रती घरी ठेवणं त्याला पोलिसांपर्यंत घेऊन गेलं.

संग्राहकांवरच्या अशाच एका खटल्यात १९७७ साली अमेरिकेच्या अपील कोर्टापुढे 'कॅमलॉट' या चित्रपटाच्या एका प्रतीचा प्रश्न आला. ही प्रत स्टुडिओने चित्रपटाची नायिका व्हनेसा रेडग्रेव्ह हिला दिली होती. प्रत तयार करण्याचा खर्च तिने भरला होता. पण करारात लिहिलं होतं, की ही प्रत तिने केवळ स्वतः बघण्यासाठी वापरावी आणि कायम स्वतःच्या ताब्यात ठेवावी. कोर्टाने ठरवलं, की ही विक्री नव्हे, हा परवाना आहे. पैसे दिले, वस्तू घरात आहे, ती परत मागण्याची तारीखही नाही, तरी मालकी नाही.

हे प्रकरण आज फारसं कुणाला आठवत नाही. पण २०१० साली ऑटोडेस्क कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या वापरलेल्या डिस्क पुन्हा विकता येतील का, हा प्रश्न त्याच अपील कोर्टापुढे आला, तेव्हा न्यायाधीशांनी रेडग्रेव्हच्या या प्रतीचाही आधार घेतला. कंपनी जर त्याला परवाना म्हणत असेल आणि वापरावर पुरेशी बंधनं घालत असेल, तर घेणारा मालक ठरत नाही, असा त्या निकालाचा सारांश. आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणतो त्या लांबलचक अटींच्या पूर्वजांत एका नटीला मिळालेली रिळं आहेत.

पण संग्राहकांच्या बाजूनेही इतिहासाने एक साक्ष दिली आहे. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला आणि लवकरच कात्री लावून बराच छोटा केला गेला. मूळ लांबीचा चित्रपट कायमचा गेला, असंच ऐंशी वर्षं मानलं जात होतं. मात्र कात्री लागण्याआधीची एक प्रत अर्जेंटिनाच्या एका वितरकाने नेली होती. त्याने ती परत केली नाही. पुढे ती एका चित्रपट-समीक्षकाच्या खासगी संग्रहात गेली. तिथून फिरत फिरत तिची १६ मिलिमीटरची नक्कल ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात पोहोचली, आणि २००८ साली तिची ओळख पटली. सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग जगाला परत मिळाला. ज्या प्रती नियमाप्रमाणे परत गेल्या, त्यांपैकी एकीनेही तो भाग जपला नव्हता.

कॅसेटचा अपघात

सिनेमा सामान्य माणसाच्या हाती पडला तो १९७७ साली. मिशिगन राज्यातल्या आंद्रे ब्ले नावाच्या माणसाने ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क मिळवले आणि त्यांच्या कॅसेटी प्रत्येकी सुमारे ५० डॉलरना विकायला काढल्या. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. इतके पैसे देऊन कॅसेट कोण घेणार? जॉर्ज ॲटकिन्सन नावाच्या लॉस एंजेलिसच्या एका दुकानदाराने ते बरोबर ओळखलं. त्याने त्या पन्नास चित्रपटांच्या कॅसेटी स्वतः विकत घेतल्या आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली.

स्टुडिओंना हे आवडलं नाही. पण करणार काय? कॅसेट विकली गेली होती, आणि विकलेल्या वस्तूला १९०८ चा पुस्तकाचा निकाल लागू होता. सिनेमाने सत्तर वर्षं टाळलेलं तत्त्व कॅसेटच्या वाटेने घरात शिरलं. स्टुडिओंनी कायदा बदलून घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. घरी टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं हाच गुन्हा ठरावा म्हणून सोनी कंपनीवर भरलेला खटला सुप्रीम कोर्टात गेला, आणि जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा एका मताच्या फरकाने स्टुडिओ हरले. गंमत म्हणजे ते दशक संपायच्या आत त्यांची घरगुती व्हिडिओतून होणारी कमाई थिएटरच्या कमाईला मागे टाकून गेली होती.

आपल्याकडे याच सुमारास, १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. दुकानातून व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणायच्या, चाळीतल्या किंवा वाड्यातल्या सगळ्यांनी पहाटेपर्यंत जागून त्या संपवायच्या, हा त्या दशकातला अनुभव अनेकांना आठवत असेल. मुंबईत १९६२ साली पुस्तकं फिरती देणारी लायब्ररी म्हणून सुरू झालेली शेमारू १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेटींच्या भाड्याच्या धंद्यात आली. पुस्तकाची लायब्ररी सरळ चित्रपटाची लायब्ररी झाली.

मात्र भारतीय कायद्याने पुस्तक आणि सिनेमा यांना एका मापाने मोजलं नाही. व्हिडिओच्या चोरट्या धंद्याला आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कायदा कडक झाला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीत चित्रपटाबद्दल असं स्पष्ट आलं, की प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याचा, मग ती प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो. पुस्तकातल्या 'चलनात आलेल्या प्रती सोडून' या सवलतीच्या नेमकं उलट. २००९ साली वॉर्नर ब्रदर्सने दाखल केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला. परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडीसुद्धा परवानगीशिवाय भारतात भाड्याने देता येणार नाहीत, असं त्या निकालाने ठरलं. २०१२ च्या दुरुस्तीत ते जुने शब्द गेले आणि भाड्याऐवजी 'व्यावसायिक भाडं' आलं. नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयांना त्यामुळे थोडी मोकळीक मिळाली. म्हणजे अमेरिकेतल्या प्रेक्षकाला कॅसेटने जी मालकी दिली, ती आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात कधी पूर्ण उतरलीच नाही. व्यवहारात मात्र लोक कॅसेटी देत-घेत राहिले.

चकती आणि तिची कुलपं

डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत आली. या वेळी स्टुडिओंनी स्वतःहून विक्रीचा मार्ग धरला. किंमत अशी ठेवली, की भाड्याच्या दुकानांनीच नाही, तर घराघराने विकत घ्यावी. लोकांनी घेतलीही. कपाटं भरली. उपशीर्षकं, दिग्दर्शकाचं निवेदन, वगळलेले प्रसंग असा ऐवज मिळू लागला. १९९८ मध्ये नेटफ्लिक्स नावाच्या एका छोट्या कंपनीने डीव्हीडी टपालाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यासाठी स्टुडिओंची परवानगी लागली नाही, कारण तिथे पहिल्या विक्रीचं तत्त्व होतं. आज घरबसल्या सिनेमा पाठवणारी ही अवाढव्य कंपनी उभी राहिली ती १९०८ च्या एका कादंबरीच्या खटल्यावर. तिने शेवटची डिस्क २९ सप्टेंबर २०२३ रोजी पाठवली.

पण विकलेल्या या चकतीवर कुलपंही होती. जगाचे सहा विभाग पाडले होते. भारत पाचव्या विभागात होता, अमेरिका पहिल्या. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने पुण्याहून नेलेली पाचव्या विभागाची डिस्क तिथल्या यंत्राने नाकारली, तर त्यात बिघाड काही नसे, तशी योजनाच होती. शिवाय चित्रपट सांकेतिक कुलपात बंद असे. १९९९ साली योन योहान्सन या नॉर्वेतल्या शाळकरी मुलाने इतरांसह ते कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याच्यावर खटला भरला गेला. २००३ मध्ये नॉर्वेच्या न्यायालयांनी त्याला दोनदा निर्दोष ठरवलं. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतःच्या संगणकावर बघणं हा गुन्हा नाही, असं त्यांचं मत पडलं.

त्याच काळात लाल कॅसेटीचं भूतही एकदा परत आलं. १९९८ साली अमेरिकेतल्या सर्किट सिटी या दुकान-साखळीने 'डिव्हएक्स' नावाची डिस्क आणली. किंमत सुमारे साडेचार डॉलर. डिस्क तुमची, घरीच ठेवायची, पण पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासांनी ती बंद होणार. पुन्हा बघायची तर पुन्हा पैसे. त्यासाठी यंत्राला टेलिफोनची तार जोडावी लागे, म्हणजे ते रात्री कंपनीला हिशेब कळवणार. लोकांनी ही योजना झिडकारली आणि ती वर्षभरात गुंडाळली गेली. २००१ मध्ये कंपनीची यंत्रणा बंद झाली, आणि जादा पैसे भरून ज्यांनी 'कायमची' परवानगी घेतली होती, त्यांच्याही डिस्क निरुपयोगी झाल्या. खरेदीचा चित्रपट दुकानदाराच्या सर्व्हरवर अवलंबून असला तर काय होतं, याची ही रंगीत तालीम होती.

भारतात या काळाची मानकरी डीव्हीडी नव्हती, व्हीसीडी होती. चित्र धुरकट, एक सिनेमा दोन किंवा तीन चकत्यांवर, मध्येच उठून चकती बदलायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा चोरट्या प्रतींएवढ्या किमतीत खरी प्रत मिळू लागली. मराठी चित्रपटही या लाटेत किराणा दुकानांपर्यंत आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलपर्यंत पोहोचले. व्हीसीडीला विभाग नव्हते, सांकेतिक कुलूप नव्हतं. ती कुठेही चालायची. चित्राच्या दर्जात सर्वांत हलका असलेला हा प्रकार मालकीच्या दृष्टीने सर्वांत भक्कम होता. मोझर बेअर मात्र टिकली नाही. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली.

बटण दाबून घेतलेला सिनेमा

१२ सप्टेंबर २००६ रोजी ॲपलने आयट्यून्सवर चित्रपट विकायला सुरुवात केली. डिस्ने समूहाचे ७५ चित्रपट, साधारण दहा ते पंधरा डॉलरना. फाइल तुमच्या संगणकावर उतरायची, पण उघडायची ती ॲपलच्या परवानगीनेच. भारतात हे दुकान २०१२ च्या डिसेंबरात उघडलं.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, गूगलनेही व्हिडिओ विकायला सुरुवात केली होती. ऑगस्ट २००७ मध्ये तिने ते दुकान बंद करायचं ठरवलं आणि ग्राहकांना कळवलं, की तुम्ही विकत घेतलेले व्हिडिओ यापुढे चालणार नाहीत. आधी भरपाई म्हणून गूगलच्याच पैसे देण्याच्या सेवेत वापरायची सवलत देऊ केली. आरडाओरडा झाल्यावर पूर्ण पैसे परत केले. पैसे मिळाले, सिनेमा गेला. पुस्तकाच्या दुकानदाराने दुकान बंद करताना घरोघर जाऊन पुस्तकं गोळा केली आणि किंमत टेबलावर ठेवली, अशी कल्पना करून पाहावी.

२०११ मध्ये अनेक मोठ्या स्टुडिओंनी मिळून 'अल्ट्राव्हायोलेट' काढलं. डिस्क घ्या, तिच्यातला संकेतांक भरा, तुमचा सिनेमा कायम आमच्या तिजोरीत राहील, असं ते आश्वासन होतं. ३१ जुलै २०१९ रोजी ती तिजोरी बंद झाली. ज्यांनी आपली खाती दुसऱ्या दुकानांशी जोडली होती, त्यांचे बहुतेक चित्रपट वाचले. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं, की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस त्यांच्या संग्रहातून काढले जातील. करार संपला होता. ओरड झाली, नवा करार झाला, कार्यक्रम राहिले. पण ते राहिले की गेले, यात घेणाऱ्याचा हात कुठेच नव्हता.

मग पहिल्या विक्रीचं तत्त्व? ते इथे लागू होत नाही. वापरलेली डिजिटल गाणी विकण्याचा धंदा रीडिजी नावाच्या कंपनीने काढला होता. अमेरिकी न्यायालयांनी २०१३ आणि २०१८ मध्ये तो बेकायदा ठरवला. कारण तांत्रिक होतं: फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा तिची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क निर्मात्याचा. युरोपीय न्यायालयानेही २०१९ मध्ये ई-पुस्तकांबाबत असाच कौल दिला. पुस्तक हातातून हातात जातं, फाइल तशी जात नाही. म्हणून डाउनलोड केलेला सिनेमा विकता येत नाही, आणि वारसाने देणंही अवघड होऊन बसतं.

कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला, तो २०२५ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. त्यानुसार डिजिटल माल विकताना 'खरेदी' हा शब्द वापरायचा, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. पण या कायद्यात एक सूट आहे. जी फाइल ग्राहक कायमची उतरवून घेऊ शकतो आणि विक्रेत्याच्या मदतीशिवाय वापरू शकतो, तिला हे बंधन नाही. म्हणजे प्लास्टिकची चकती आणि अदृश्य फाइल असा भेद हा कायदा करत नाही. किल्ली कुणाकडे आहे, एवढंच तो विचारतो. कुलूप नसलेली फाइल चकतीइतकीच आपली असू शकते. मोठे स्टुडिओ तशी फाइल सहसा विकत नाहीत, हा भाग वेगळा.

चकतीही अमर नाही

डिस्कच्या बाजूने बोलताना तिचे दोष झाकू नयेत. चकतीतला धातूचा पातळ थर हवेने खराब होतो. वॉर्नरच्या २००६ ते २००८ मधल्या काही डीव्हीडी आता चालेनाशा झाल्या आहेत, हे कंपनीनेही मान्य केलं आहे. यंत्रंही नाहीशी होत चालली आहेत. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं. लॅपटॉपमधली डिस्कची फट तर केव्हाच गेली. आणि डाउनलोडमुळे सिनेमा अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे डिस्कचं दुकान कधी नव्हतंच. टोरांटोत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला नवा मराठी चित्रपट त्याच आठवड्यात बघायला मिळतो. व्हीसीडीच्या काळात सुट्टीत घरी येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेची वाट बघावी लागायची.

फरक बिघाडाच्या पद्धतीत आहे. डिस्क खराब होते ती एकेक, ठिकठिकाणी, वेगवेगळ्या वेळी. माझी गेली तरी तुमची राहते. सर्व्हर बंद होतो किंवा करार संपतो तेव्हा सगळ्यांची प्रत एकाच मध्यरात्री जाते. २०२३ च्या मे महिन्यात डिस्नेने आपल्या सेवेवरून 'विलो' ही मालिका काढून टाकली, प्रदर्शित होऊन सहा महिनेही झाले नसताना. तिची डिस्क निघालेली नव्हती. त्या दिवसापासून ती रीतसर बघण्याची वाटच उरली नाही.

सिनेमाच्या बाबतीत ही काळजी पुस्तकी नाही, आणि आपल्याला तर ती जास्तच कळायला हवी. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण टिकलेले मोजकेच आहेत. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, हरवला. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला आहे. जुन्या फिल्म त्यांतल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या, काही जळाल्या, काही डब्यांतच सडल्या. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तोवर बरंचसं गेलं होतं. पी. के. नायर यांनी आयुष्य घालवून जे जमवलं, त्यातलं कितीतरी गोदामांतून, भंगारातून, कुणाच्या तरी माळ्यावरून आलं. कुणीतरी प्रत ठेवून घेतली होती म्हणून ती मिळाली. जिथे कुणी ठेवली नाही, तिथे नायरही काही करू शकले नाहीत.

म्हणून डाउनलोड की डिस्क, हे ठरवताना दुकानदाराबद्दल एक प्रश्न विचारून पाहावा. हा माणूस उद्या धंदा बंद करून निघून गेला, तर माझ्याकडे काय उरेल? १९०० सालच्या तंबूवाल्याकडे पट्टी उरत होती. डिव्हएक्सच्या गिऱ्हाइकाकडे निकामी चकती उरली. गूगलच्या ग्राहकाकडे परतीचे पैसे उरले. व्हीसीडी घेणाऱ्याकडे सिनेमा उरला, धुरकट का होईना. एकदाच बघायचा असेल तर भाडं स्वस्त आणि बरं. पण जो चित्रपट पुन्हा पुन्हा बघायचा आहे, मुलांना दाखवायचा आहे, ज्याच्याशिवाय आपलं काहीतरी कमी होईल असं वाटतं, त्याच्यासाठी किल्ली आपल्या हातात असलेली प्रत शोधावी.

आणि दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या खोक्यात जुन्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी निघाल्या, तर त्या रद्दीवाल्याला देण्याआधी त्यातला एखादा चित्रपट आज कुठल्या सेवेवर मिळतो का, ते बघावं. मिळाला नाही, तर ती दोन चकत्यांची, मध्येच उठून बदलावी लागणारी प्रत जपून ठेवावी.